उंबरठा नसलेलं सरकतं दार, पश्चिमेची गच्ची आणि पाऊस : कोणाचं ऐकू?

मखमलाबाद_रोड

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

नाशिकला मखमलाबाद रोडवर घराचं काम चालू आहे. खाली पार्किंग आणि मिस्टरांचं ऑफिस, वर राहतं घर. वरच्या हॉलमधून पश्चिमेच्या उघड्या गच्चीवर जायला १२ फूट रुंद, ८ फूट उंच काचेचं सरकतं दार घ्यायचं आहे, तीन पल्ल्यांचं. गच्ची १२ बाय १० फूट. सासूबाई वॉकर घेऊन चालतात, त्यामुळे दारात उंबरठा नको, आतली फरशी आणि बाहेरची फरशी एका पातळीत हवी.

आर्किटेक्टने ड्रॉइंगवर 'फ्लश ट्रॅक' एवढं लिहून हात झटकलेत. फॅब्रिकेटर म्हणतो, "ताई, टेन्शन घेऊ नका, सिलिकॉन मारून देतो." मिस्त्री म्हणतो, "पाणी आत येणारच, दोन इंचाचा ग्रॅनाइटचा उंबरा घ्या आणि गप बसा." त्या गच्चीखालच्या स्लॅबचं सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा) लागलंय, सळई बांधायला घेतली आहे. या तिघांपैकी कोणाचं ऐकू?

नुसता_वाचक

तिघांचंही ऐकू नका, खिडकी करा. ह.घ्या. (हलके घ्या)

पाणीदार

स्लॅब अजून पडलेला नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. बहुतेक लोक फरशी लागल्यावर विचारायला येतात, तेव्हा सांगण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं.

ताई, मिस्त्री बरोबर बोलतोय, पण अर्धंच. पाण्याला अडवायला पायरी लागतेच. फक्त ती पायरी उंबऱ्याच्या रूपाने वर काढायची की बाहेरच्या फरशीखाली दडवायची, एवढा निर्णय तुमच्या हातात आहे. वरून बघणाऱ्याला सगळं एका पातळीत दिसलं पाहिजे, आणि पाण्याला मात्र दारापाशी चांगली तीन-साडेतीन इंच खोल जागा मिळाली पाहिजे. हे जमलं तर फ्लश ट्रॅक. नाही जमलं तर तो नुसता जमिनीत पुरलेला ट्रॅक, आणि त्यात पहिल्या पावसात पाणी उभं राहणार.

आता आकडे. आतल्या फरशीचा माथा शून्य धरा. आत माल आणि टाइल मिळून साधारण ६० मिमी जातात, म्हणजे आतला स्लॅब उणे ६० वर. गच्चीचा स्लॅब आणखी ४ इंच खाली टाका, तो उणे १६० वर जाईल. त्यावर वॉटरप्रूफिंगचा कोबा, म्हणजे ढाळ देणारा सिमेंटचा थर: कठड्याकडे ४० मिमी आणि दाराकडे ७० मिमी. १० फुटांत ३० मिमी उतार झाला, म्हणजे १०० ला १ ढाळ, आणि तो दारापासून लांब जाणारा. कोब्याचा माथा दारापाशी उणे ९०, कठड्यापाशी उणे १२०. मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ थर, या कोब्यावरून येऊन दाराखालच्या कट्ट्यावर उभी चढवायची, थेट आतल्या फरशीच्या पातळीपर्यंत. आणि वर चालायची फरशी, ती चिकटवायची नाही. प्लास्टिकचे उंची कमीजास्त होणारे पाय मिळतात, त्यावर २० मिमी जाडीच्या बाहेरच्या वापराच्या टाइल ठेवायच्या, सांधे उघडे. पाणी सांध्यांतून खाली पडतं, कोब्यावरून वाहत जातं, वरची फरशी सपाटच्या सपाट.

उद्या सकाळी पहिला फोन आरसीसी कन्सल्टंटला, म्हणजे स्लॅब-बीमचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला करा. स्लॅबला ४ इंचाची पायरी द्यायची म्हणजे दाराखालच्या बीमची आणि तिथल्या सळईची मांडणी बदलते. सेंट्रिंगवाल्याला तोंडी सांगून उरकायचं काम नव्हे. सुधारित ड्रॉइंग हातात आल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका.

मखमलाबाद_रोड

बाप रे. हे कोणीच सांगितलं नव्हतं. कन्सल्टंटना लगेच मेसेज टाकलाय. पण एक बाळबोध प्रश्न: दार बंद असताना, रबर वगैरे लावलेलं असताना पाणी आत येतंच कसं?

पाणीदार

बाळबोध अजिबात नाही, खरी गोम तिथेच आहे.

साध्या सरकत्या दाराला सगळीकडे दाबून बसणारं रबर देता येत नाही, नाहीतर पल्ला सरकणारच नाही. म्हणून कडेला ब्रश लावतात. ब्रश धूळ अडवतो, पाणी अडवत नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी ट्रॅकमध्ये उतरणार हे गृहीतच धरलेलं असतं. ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला जी बारीक चिरेसारखी भोकं असतात, वीप होल, त्यातून ते बाहेर जायचं.

पण वारा सुटला की काय होतं? बाहेरचा दाब वाढतो, आत तेवढा नसतो, आणि हा फरक पाण्याला आतल्या बाजूला चढवतो. ताशी ६० किमीचा वारा काचेवर समोरून आला तर दाब साधारण १६७ पास्कल (दाब मोजायचं एकक). १० पास्कल म्हणजे जवळपास १ मिमी पाणी, हे लक्षात ठेवा. म्हणजे १७ मिमी उंचीचं पाणी वारा नुसत्या जोरावर उचलून धरतो. ट्रॅकची आतली कड तळापासून १५ मिमी असेल तर पाणी तिच्यावरून हॉलमध्ये उतरणार, तुम्ही कितीही सिलिकॉन मारा. कड ४० मिमी असेल तर तेच पाणी ट्रॅकमध्ये तटून राहतं आणि झोत ओसरला की भोकांतून निघून जातं.

वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ भाग ३ मध्ये, नाशिकसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे, ताशी १४० किमी. तो इमारतीच्या मजबुतीसाठी. दाराची पाण्याची परीक्षा एवढ्या दाबावर कोणी घेत नाही. पण मखमलाबादकडे मोकळं रान आहे, पश्चिमेला अडवायला काही नाही, आणि मे महिन्यातलं वादळ दिशा विचारून येत नाही. त्यामुळे फॅब्रिकेटरला सेक्शनची (दाराच्या अल्युमिनियम पट्ट्यांची) किंमत विचारायच्या आधी हे विचारा: ट्रॅकच्या तळापासून आतल्या कडेच्या माथ्यापर्यंत उंची किती? आणि या सेक्शनची पाण्याची टेस्ट किती पास्कलला झाली आहे? उत्तर देता आलं नाही तर दुसरा फॅब्रिकेटर बघा.

अल्युमिनियमवाला_अंबड

पाणीदार साहेबांशी सहमत, पण सगळं खापर फॅब्रिकेटरच्या डोक्यावर फोडू नका. आम्हाला साइटवर बोलावतात कधी? टाइल लागली, पीओपी झालं, रंगाचा पहिला हात झाला की. मग सांगतात, "जमिनीत बसवा." कुठल्या जमिनीत? खाली सळई आहे. मग ग्राइंडरने टाइल कापायची, मिळेल तेवढी इंचभर खाच करायची आणि त्यात ट्रॅक सिमेंटने पुरायचा. असले जॉब आता मी सरळ सोडून देतो.

ताई, तुमच्या कामासाठी चार गोष्टी सांगतो.

ट्रॅकच्या खाली वेगळा ट्रे पाहिजे. १२ फूट अखंड, मध्ये सांधा नाही, आणि दोन्ही टोकांना वर वळवून वेल्ड केलेला. टोकं उघडी असली की पाणी बाजूच्या भिंतीत शिरतं आणि खाली साहेबांच्या ऑफिसच्या छतावर डाग येतो. लोक म्हणतात स्लॅब गळतोय. स्लॅब बिचारा ठणठणीत असतो. या ट्रेला खालून स्क्रू मारू द्यायचा नाही. आतल्या उभ्या कडेला वरच्या बाजूने मारायचा. तळाला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे एक गळती.

ट्रे आणि ट्रॅक ओल्या सिमेंटमध्ये बसवू नका. ओलं सिमेंट अल्युमिनियम खातं, पावडर कोटिंगवर पांढरे चट्टे येतात ते वेगळेच. मध्ये मेंब्रेन किंवा टेप पाहिजे, खाली प्लास्टिकचे पॅकर (आधाराच्या चकत्या). पॅकर कंजूषपणे टाकू नका. ४ बाय ८ फुटाच्या एका पल्ल्याला १० मिमी टफन काच घेतली तर नुसती काच ७५ किलोच्या आसपास भरते, वर फ्रेम. चाक जिथून जाणार तिथे खाली पोकळ राहिलं की ट्रॅक बसतो आणि मग दोन माणसं लावून दार ओढावं लागतं.

ट्रॅक लेव्हलमध्येच हवा. पाणी जावं म्हणून ट्रॅकला ढाळ देणारे महाभाग पाहिले आहेत, पल्ला आपोआप सरकत जातो. पाणी भोकांतून जातं, ट्रॅकला उतार लागत नाही.

आणि कडेच्या सांध्यात सिमेंट भरू नका. ४ मीटरच्या आसपासचा अल्युमिनियम, हिवाळ्यातल्या नाशिकच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत तापमानात ४० अंशांचा फरक धरला तर साडेतीन मिमी लांब-आखूड होतो. फोमची दोरी दाबून त्यावर वेदर सिलिकॉन, म्हणजे सांधा हलतो पण तुटत नाही. वरच्या बीमखालीही १०-१२ मिमी मोकळी ठेवा. बीम कालांतराने थोडा वाकतोच, तो फ्रेमवर टेकला तर पल्ले अडकतात.

नुसता_वाचक

'महाभाग' आवडलं. आमच्या बिल्डिंगमध्ये असा एक दरवाजा आहे, रात्री दोनला आपोआप उघडतो. भूत नाही, ढाळ आहे हे आज कळलं.

स्टुटगार्टहून_सुनंदा

इथे जर्मनीत सपाट छतांच्या नियमांत दाराशी वॉटरप्रूफिंग बाहेरच्या फरशीच्या माथ्यापासून १५ सेंमी वर चढवायला सांगतात. मात्र दाराला लागून पूर्ण रुंदीची जाळी असलेली पन्हळ असेल आणि पाणी लगेच निघून जात असेल, तर ५ सेंमीपर्यंत चालतं. अगदी शून्य हवं असेल तर तो खास उपाय समजतात, वर छत किंवा छज्जा असावा असा आग्रह धरतात. आमच्या बाल्कनीत वर छत आहे, दारापाशी एक वीतभर रुंद स्टीलची जाळी आहे, ती हाताने उचलता येते. मुलाच्या लेगोचे सगळे हरवलेले तुकडे तिथे सापडतात.

मखमलाबाद_रोड, तुमच्या दारावर छज्जा आहे का?

मखमलाबाद_रोड

दीड फुटाचा दाखवलाय. वाढवू?

पाणीदार

तीन-साडेतीन फूट करता आला तर जरूर करा, आणि छज्ज्याच्या खालच्या कडेला पागोळी तुटायची खाच ठेवायला सांगा, नाहीतर पाणी छज्ज्याच्या पोटावरून सरळ काचेवर येतं. तिरक्या पावसात छज्जा पुरा पडत नाही, पण काचेवर येणारं पाणी बरंच कमी होतं. पश्चिमेचं ऊनही अडतं, ते तुम्हाला मार्चनंतर कळेल.

सुनंदाताईंचा मुद्दा महत्त्वाचा. तुमची फरशी उघड्या सांध्यांची असली तरी दाराला लागून सहा इंच रुंद जाळी घ्याच. ट्रेची भोकं या जाळीखाली उघडली पाहिजेत. पुष्कळ ठिकाणी सगळं नीट करतात आणि शेवटी फरशीवाला भोकांसमोर टाइलची कड आणून ठेवतो.

जाळीची फट ८ मिमीच्या आत आणि चालण्याच्या दिशेला आडवी ठेवा, वॉकरचे पाय अडकता कामा नयेत. ट्रॅकच्या खाचांचंही बघा, दार उघडं असताना मोकळ्या राहणाऱ्या खाचेत बसवायची पट्टी फॅब्रिकेटरकडून मागून घ्या. 'फ्लश' म्हणून घेतलेल्या ट्रॅकच्या खाचेत वॉकरचं चाक रुतलं तर एवढा खर्च कशासाठी केला!

काकू_नाशिकरोड

एवढं सगळं वाचलं. उंबरठाच नसेल तर रांगोळी कुठे काढायची, ते आधी सांगा. आणि त्या जाळीखाली पाणी साठून डास झाले की डेंग्यूची तपासणी करायला येणारे लोक तुमच्याकडेच बोट दाखवतील. झुरळं, पाली वेगळ्या. आमच्या तुळशीची माती दर पावसाळ्यात नहाणीच्या जाळीत जाऊन बसते, ती बोटाने काढावी लागते. इथे तर फरशीच्या खाली जाणार.

मखमलाबाद_रोड

काकू, मुख्य दाराला उंबरठा आहे, रांगोळी तिथे. :) पण डासांचं मलाही पटतंय. पाणीदार दादा?

पाणीदार

काकूंची शंका रास्त आहे. ढाळ नीट असेल तर पाणी उभं राहत नाही, पण 'नीट' हे कोबा झाल्यावर बघायचं. पाणी ओतून अर्ध्या तासाने जिथे थारोळं दिसेल तिथे खडूने खूण करा आणि मिस्त्रीकडून तेवढंच दुरुस्त करून घ्या. मेंब्रेन त्यानंतर.

पायांवर ठेवलेल्या टाइल उचलता येतात, हा त्यांचा मोठा फायदा. एक टाइल उचलायची सक्शनची मूठ विकत घेऊन ठेवा. पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत कोपऱ्यातल्या दोन-चार उचलून झाडून घ्या. कुंड्यांखाली थाळ्या ठेवा. कडुनिंब किंवा गुलमोहर जवळ असेल तर पानगळीत जास्त वेळा बघावं लागेल.

आता निचरा. जोराचा पाऊस ताशी १०० मिमी धरू. गच्ची ११ चौरस मीटर, आणि काचेवर तिरकं येणारं पाणी म्हणून दाराच्या क्षेत्रफळाचा अर्धा भाग, साडेचार चौरस मीटर. मिळून साडेपंधरा. मिनिटाला साधारण २६ लिटर, म्हणजे सव्वा बादली. ७५ मिमीचा पाइप एवढं पाणी सहज नेतो, तरी ११० चा घाला, पानं अडकत नाहीत. एकाऐवजी दोन तोंडं ठेवा, दोन कोपऱ्यांत. आणि हा पाइप पावसाच्या पाण्याच्या पाइपलाच जोडा, बाथरूमच्या सांडपाण्याला नको, नाहीतर उन्हाळ्यात वास अडवणाऱ्या ट्रॅपमधलं पाणी आटलं की वास हॉलमध्ये येईल.

एक गोष्ट विसरतात. दोन्ही तोंडं एकाच वेळी तुंबली तर? पाणी चढत चढत आतल्या फरशीच्या पातळीला येणार आणि मग उंबराच नसल्याने थेट सोफ्याखाली. म्हणून कठड्यात एक भोक ठेवा, दोन-तीन इंचाचं. त्याचा तळ तुमच्या कोब्यापेक्षा वर, पण ट्रेच्या वीप होलपेक्षा खाली. गच्ची तुंबली की पाणी बाहेर धो धो पडताना दिसेल, रस्त्यावरचा माणूस ओरडून सांगेल, आणि हॉल कोरडा राहील.

अल्युमिनियमवाला_अंबड

त्या कठड्याच्या भोकाला माझ्याकडून +१०.

पल्ले चढवण्याआधी ट्रेची टेस्ट करा, लोक ही टाळतात. वीप होल बाहेरून चिकटपट्टीने बंद करा, ट्रे आतल्या कडेच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरा, पेन्सिलने खूण करा. पाव तासात पातळी खाली गेली तर गळतं आहे, तिथल्या तिथे शोधा. मग पट्टी काढा आणि पाणी किती वेळात जातं ते बघा. पल्ले चढल्यावर पाइपने पाणी मारायचं तर खालून सुरुवात करा. आधी ट्रॅक, मग कडेचे सांधे, शेवटी वरची चौकट, प्रत्येक जागी दहा-पंधरा मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि कुठून आलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

मेंब्रेनची वेगळी टेस्ट पाणीदार सांगतीलच.

पाणीदार

४८ तास पाणी कोंडून ठेवायचं, खालच्या छताकडे बघायचं. हे फरशीच्या आधी. नेहमीचंच.

मखमलाबाद_रोड

कन्सल्टंटचा फोन आला. गच्चीचा भाग ४ इंच खाली घेता येईल म्हणाले, दाराखालचा बीम खोल करून देत आहेत. सुधारित ड्रॉइंग येईपर्यंत सळई थांबवली. ठेकेदाराचं तोंड वाकडं झालं, सेंट्रिंगच्या भाड्याचं गाणं म्हणून झालं. आर्किटेक्टना पाणीदारांचे आकडे जसेच्या तसे पाठवले, तर म्हणाले, "हो, हेच माझ्या मनात होतं." असो!

फॅब्रिकेटरला कडेची उंची विचारली. "मॅडम, कंपनीला विचारून सांगतो." बघू.

पाथर्डी_फाटा_४०३

धागा वाचनखूण करून ठेवला, पण माझ्यासारख्यांचं काय? चौथ्या मजल्यावर फ्लॅट, बिल्डरने लावलेलं दोन ट्रॅकचं दार, स्लॅब काही खाली घेता येणार नाही. गेल्या पावसात ट्रॅकमधून पाणी आत यायचं. दारवाल्याला बोलावलं, त्याने बाहेरून सगळीकडे सिलिकॉन मारलं. आता आधीपेक्षा जास्त येतं!

पाणीदार

बाहेरून ट्रॅकच्या खालच्या कडेला बघा. त्याने वीप होलच बुजवली आहेत, पैज लावतो.

पाथर्डी_फाटा_४०३

आत्ता टॉर्च घेऊन बघितलं. तीन चिरा दिसतात, तिन्हींत पांढरं सिलिकॉन. काय बोलावं!

अल्युमिनियमवाला_अंबड

ब्लेडने अलगद कापून काढा, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. ट्रॅक व्हॅक्यूम करा, कोपऱ्यात धुळीचा थर बसलेला असतो, तो जुन्या टूथब्रशने काढा. मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता, तीनही चिरांतून बाहेर आलं पाहिजे. पल्ल्याखालची चाकं स्क्रूने वर-खाली होतात, पल्ला एका बाजूला बसला असेल तर ब्रश आणि फ्रेममध्ये फट पडते, तीही बघून घ्या. ब्रश झिजला असेल तर मीटरवर मिळतो, फार महाग नाही.

पाणीदार

आणि बाल्कनीची फरशी दाराकडे ढाळलेली नाही ना, तेही बघा. ट्रॅकसमोर एक गोटी ठेवा. दाराकडे घरंगळली तर फरशी नव्याने करावी लागेल, त्याशिवाय गत्यंतर नाही. बाहेर घरंगळली तर चिरा मोकळ्या करून या पावसाळ्यात निभावेल. मोठ्या झोतात थोडं येईलच, तेव्हा आतून टॉवेल. फ्लश वगैरेच्या नादी लागून स्लॅब खरवडू नका, सळईच्या वरचं काँक्रीट जेमतेम इंचभर असतं.

पाथर्डी_फाटा_४०३

गोटी बाहेर गेली. सिलिकॉन काढतोय.